बुधवारचं कुलूप

राणीच्या बागेच्या फाटकाला बुधवारी कुलूप असतं. त्याच आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. मुंबईत गाइडचं काम करणाऱ्याला हे लोकलच्या वेळांइतकं पाठ लागतं, आणि मला ते पाठ होतंच. तरी काही वर्षांपूर्वी एका बुधवारी सकाळी साडेदहाला मी एकतीस शिक्षकांना घेऊन त्या कुलपासमोर उभी होते.

झालं असं, की मंडळी लातूरकडची. सोमवारी यायची ती बस लोणावळ्याच्या अलीकडे बंद पडली आणि सगळा कार्यक्रम एक दिवस पुढे सरकला. रात्री बसून मी तारखा बदलल्या, वार तपासायचे राहिले. चूक माझीच. कोचच्या ड्रायव्हरने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मी मग फाटकाबाहेर उभं राहूनच आतलं सांगायला लागले. हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय, १८७२ साली उघडलं. बाहेर एक दगडी हत्ती आहे, तो घारापुरीचा. त्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं, पण उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. शिवाय काळा घोडाही आतच आहे. म्हणजे ज्याच्यावरून फोर्टातल्या त्या चौकाला नाव पडलं तो मूळचा, राजपुत्र पाठीवर घेतलेला पुतळा. १९६५ साली तिथून हलवला तो इथे. घोडा गेला तरी नाव तिकडेच राहिलं. एरवी ही माझी हमखास हशा मिळवणारी गोष्ट. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

त्यांच्यात एक व्यायामाचे सर होते. पन्नाशीचे, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. कुलपाकडे बघत ते म्हणाले, “जाऊ द्या मॅडम. हत्ती काय, घोडा काय. लेकरं खेळतात कुठं हो तुमच्या मुंबईत?”

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता.

दुपार कशीबशी म्युझियममध्ये काढली. म्युझियम म्हणजे काळा घोड्याचं मोठं, घुमटाचं. संध्याकाळी पाचला आम्ही शिवाजी पार्कला श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या दारात होतो. ओळखीतल्या एका ताईंची मुलगी तिथे जायची, त्यांच्याकरवी फोन करून विचारलं होतं. “या, पण मुलांचा सराव थांबणार नाही,” एवढीच अट.

मल्लखांब मी शाळेत पाहिलेला, २६ जानेवारीला, लांबून. इतक्या जवळून पहिल्यांदाच. खांब बुंध्याशी जाड, वर निमुळता होत जातो, मग मान आणि तिच्यावर बोंड. सरांनी आधी खांबाला हात लावून तो कपाळाला लावला, मग बोटं नाकाशी नेली. “एरंडेल,” ते म्हणाले आणि खूश झाले. खांबाला एरंडेल चोळतात, अंग ओरखडू नये म्हणून. खांबाखाली सहा-सात वर्षांची मुलं लंगोट-चड्ड्यांमध्ये रांग लावून होती. एकेक जण नमस्कार करून उडी घ्यायचा, मांड्यांनी खांब पकडायचा, उलटा व्हायचा, पाय वर मारून अढी टाकायचा. घसरला की खाली उभ्या शिक्षकाचा तळहात पाठीशी असायचाच. ते शिक्षक त्या वेळी दुसऱ्याच मुलाला काहीतरी ओरडत असायचे, पण हात बरोबर तिथे.

शेजारी दोरीचा मल्लखांब चालू होता. तो पूर्वी वेताचा असे. तसा वेत मिळेनासा झाला, मग सुती दोर आला. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरून वर चढली आणि हा हा म्हणता वर जाऊन मांडी घालून बसली. खाली एकतीस शिक्षक. एकाच्याही हातात मोबाइल नव्हता, हे मला नंतर आठवलं. ती खाली आल्यावर सरांनी तिला जवळ बोलावलं. “पाय दाखव, माय.” तिने पाय पुढे केला. अंगठ्याच्या बेचक्यात घट्टा होता, मोठ्या माणसाच्या हाताला पडतो तसा.

उत्तर पेशवाईत, दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी, बाळंभटदादा देवधरांनी हा प्रकार घडवला असं मानतात. निजामाकडचे दोन मल्ल आव्हान देत पुण्याला आले, त्यांना तोंड द्यायला म्हणून. दादांना खांबाची युक्ती माकडांकडे बघून सुचली, असाही गोष्टीचा एक भाग आहे. तो मी पाहुण्यांना सांगते, पण ‘म्हणतात’ लावून. ‘म्हणतात’ हा आमच्या धंद्यातला फार उपयोगी शब्द. एक गोष्ट मात्र ‘म्हणतात’ न लावता सांगता येते. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये याच शिवाजी पार्कवर झाली.

त्या बुधवारनंतर माझी डायरी बदलली. आधी ती ठिकाणांची होती, आता वारांची आणि वेळांची झाली. आमच्या शहरात ठिकाण दाखवणं सोपं, बोट केलं की झालं. खेळाची आणि नाटकाची मात्र वेळ गाठावी लागते. सकाळी अकराला शिवाजी मंदिर दाखवाल तर काय दिसणार? दुकानांच्या वर एक नाट्यगृह आहे, एवढंच.

टूर कंपन्यांना हे पटवणं कठीण. एका कंपनीच्या छापील कार्यक्रमात ‘वानखेडे स्टेडियम’ असं लिहिलेलं असे, पुढे काही नाही. पाहुण्याला वाटे आतून, कंपनीला अभिप्रेत असे बाहेरून. मधे मी. मॅच नसताना गेटवर वॉचमन सोडत नसे, आणि त्याने का सोडावं? वॉचमनशी हुज्जत घालणारे गाइड मी पुष्कळ पाहिलेत. मला ते जमत नाही. माझे वडील गिरणीत साचाखात्यात होते. ८२ च्या संपानंतर गिरणी गेली आणि पुढची बावीस वर्षं त्यांनी वरळीच्या एका बिल्डिंगच्या गेटवर काढली. गेटमागच्या माणसाला आतलं काही देता येत नसतं, हे मी घरी बघितलंय.

तेव्हा वानखेडेची गोष्ट मी फुटपाथवरच सांगते, आणि ती फुटपाथवर जास्त रंगते. चर्चगेटला एक ब्रेबॉर्न होतं ना, १९३७ चं, मग हाकेच्या अंतरावर दुसरं कशाला? तर भांडणापायी. ब्रेबॉर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. कसोटी तिथे व्हायची, पण मुंबईच्या असोसिएशनला जागा किती सोडायच्या यावरून दर वेळी तंटा. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी आपलं स्वतःचं स्टेडियम काढलं, तेही वर्षभराच्या आसपास उभं राहिलं. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी. क्लाइव्ह लॉइड नाबाद २४२. त्याचं अभिनंदन करायला एक प्रेक्षक मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बदडलं, आणि कोऱ्या करकरीत स्टेडियमात दंगल झाली. मराठी पाहुणे असले की मी म्हणते, घर वेगळं केलं की पहिल्याच सणाला असं होतं. २०११ चा विश्वचषक, धोनीचा षटकार, सचिनची शेवटची कसोटी, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. तिथे मी गप्प राहते.

मग चालत आझाद मैदान. माझ्या मते मुंबई बघायची तर इथून सुरुवात करावी, पण हे मत माझ्यापुरतं. कार्यक्रमपत्रिकेत ते बसत नाही, कारण तिकीट नाही आणि कमिशनही नाही. एम्पोरियमची चाळीस मिनिटं असतात, त्यातली वीस मी इथे वळवते.

मैदानात बावीस खेळपट्ट्या. शनिवार-रविवारी सगळ्यांवर एकदम मॅच. एका सामन्याचा कव्हर दुसऱ्याच्या स्लिपशी पाठ लावून उभा असतो आणि दोघांनाही आपला चेंडू कुठला ते कळतं. ‘बॉल!’ अशी आरोळी आली की दहा जण डोकं झाकतात. १९८८ च्या फेब्रुवारीत शारदाश्रमच्या दोन पोरांनी हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची भागीदारी केली ती इथेच. कांबळी ३४९, तेंडुलकर ३२६, दोघेही नाबाद. डाव घोषित करायचा निरोप बाहेरून ओरडून दिला जात होता आणि ही दोघं तिकडे बघतच नव्हती, असं सांगतात. नेमकी कुठली खेळपट्टी, हे विचारलं तर मैदानावर चार जण चार दिशांना हात करतात. मी पाचवी दिशा दाखवत नाही.

पण मला आवडतो तो पावसाळा. कांगा लीग १९४८ पासून चालू आहे आणि मुद्दाम पावसात खेळतात. ओली खेळपट्टी, गुडघाभर गवत, चेंडू चार पावलांवर रुतून बसतो. उंचावरून मारल्याशिवाय धावा नाहीत, आणि उंच मारला की झेल. मुंबईचे फलंदाज असल्या चिखलात तयार झाले, असं जुनी माणसं अभिमानाने सांगतात.

एका जुलैत लँकेशरचे एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे होते, एकटेच. हाफ डे घेतला होता आणि पाऊस लागला. मी म्हटलं म्युझियमला जाऊ. ते म्हणाले, पावसात क्रिकेट? मला बघायचंय. आम्ही एका क्लबच्या टेंटमध्ये शिरलो. टेंट म्हणजे बांबू आणि ताडपत्री. आत किटबॅगा, ओले मोजे, चहाची किटली. खेळ थांबलेला. माळी, म्हणजे खेळपट्टी सांभाळणारा माणूस (मैदानावर त्याला माळीच म्हणतात), प्लॅस्टिक अर्धवट उचलून खाली बघत होता. गृहस्थ सरळ त्याच्याकडे गेले आणि शेजारी उकिडवे बसले. सत्तरीतला माणूस, मला धडकीच भरली. माळ्याने खेळपट्टीत अंगठा रुतवला आणि दाखवला. गृहस्थांनी आपला अंगठा रुतवला. माळ्याने मान हलवली, तिथे नाही, इकडे, गुड लेंग्थवर. गृहस्थांनी तिथे दाबला आणि ओठ मुडपले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मी दुभाषी म्हणून दोन पावलं पुढे झाले, तर माळ्याने हातानेच मला थांबवलं.

“अर्धा तास,” तो मला म्हणाला. गृहस्थांनी घड्याळावर बोट ठेवून पाऊण तास दाखवला. खेळ पंचेचाळीस मिनिटांनी सुरू झाला. माळ्याने त्यांना स्वतःच्या किटलीतला चहा दिला.

तिथून मी त्यांना पालवणकर बाळूंची गोष्ट सांगितली. मरीन ड्राइव्हवर पारशी, इस्लाम, हिंदू अशा जिमखान्यांची रांग आहे, ती इतर गाइड हौसेने दाखवतात. धर्मवार संघ करून इथे सामने होत, हेही सांगतात. बाळू मात्र राहून जातात. चर्मकार कुटुंबातला हा मुलगा पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर आपल्या या माळ्यासारखंच काम करायचा, महिना चार रुपयांवर. सरावाला साहेबांना चेंडू टाकता टाकता डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. हिंदूंनी त्याला संघात घेतलं, पण चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद त्याला कधीच दिलं नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदूंचा कर्णधार झाला, तेही बरीच खळखळ झाल्यावर. प्रभादेवीला आज पी. बाळू मार्ग आहे. आमच्या शाळेच्या वाटेवरच. ‘पी. बाळू’ म्हणजे कोण, हे मला तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या घरी तर क्रिकेट म्हणजे साहेबी खेळ.

गोष्ट संपेपर्यंत समोर बॉम्बे जिमखान्याचं कौलारू छप्पर भिजत होतं. भारतातली पहिली कसोटी तिथली, डिसेंबर १९३३. लाला अमरनाथ ११८. त्या काळी त्या जिमखान्याचं सदस्यत्व हिंदी माणसाला मिळत नसे. गृहस्थ बराच वेळ तिकडे बघत राहिले, मग एवढंच म्हणाले, की अजून थोडा चहा मिळेल का.

नाटकाच्या बाबतीत माझा हात इतका सरळ बसत नाही. हौसेने मी एकदा मराठी न समजणाऱ्या एका जोडप्याला शिवाजी मंदिरला नेलं. शनिवार, दुपारचा प्रयोग, विनोदी नाटक. बुकिंगवाल्यांना मी म्हटलं, कडेच्या खुर्च्या द्या, मध्यंतराला निघावं लागलं तर. त्यांनी प्लॅनवर पेन्सिलीने खूण करत चष्म्यावरून बघितलं. “निघायचं असेल तर येता कशाला?” पहिल्या अंकात त्यातले यजमान गाढ झोपले. शेजारच्या आजींनी दोनदा खाकरून पाहिलं आणि तिसऱ्यांदा सरळ कोपराने ढोसलं. “अहो, तो बिचारा वर जीव तोडून बोलतोय!” मराठीतच. यजमान दचकून ताठ बसले आणि अंक संपेपर्यंत पापणी लवली नाही. मध्यंतरात आजींनीच त्यांना बटाटेवड्याची रांग दाखवली, आणि तिसरी घंटा झाली तरी दोघं वडा संपवत उभे. निघायचं नाव नाही. पुढे त्यांनी कंपनीला लिहिलेल्या अभिप्रायात नाटकाचा उल्लेख नव्हता, वड्याचा होता. तेव्हापासून भाषा न समजणाऱ्यांना मी नाटकाला नेत नाही. मराठी येणाऱ्यांना मात्र नेतेच, मग ते कितीही म्हणोत की आमच्या गावात टीव्हीवर सगळं दिसतं.

कबड्डी मी बराच काळ यादीत घेतली नव्हती. कारण सांगायचं तर, ती माझ्या घरची. वडील शेवटपर्यंत तिला हुतूतूच म्हणायचे. गिरणीच्या संघाकडून खेळायचे. डाव्या कोपऱ्यातून पकड करायचे आणि त्यापायी डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी झाली होती. आम्ही पोरं त्या करंगळीवरून त्यांना ओळखायचो, असं आई चेष्टेने म्हणायची. संप झाल्यावर गिरण्यांचे संघ मोडले. वरळीला डोममध्ये मॅटवर दिव्यांच्या झगमगाटात प्रो कबड्डी आली तेव्हा मी त्यांना घेऊन गेले. चढाई करणाऱ्याच्या वेळेचं घड्याळ वर लुकलुकताना बघून त्यांनी विचारलं, “दम कोण ऐकतं?” आवाजात दम ऐकू येणं शक्यच नव्हतं, एवढं संगीत. तरी लोण चढला तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली.

वडील गेल्यानंतर दोन वर्षांनी, एका जानेवारीत, लँकेशरचे ते गृहस्थ पुन्हा आले. या वेळी त्यांनी कंपनीला कळवलं होतं, की कार्यक्रम बाईंनीच ठरवावा. मी त्यांना संध्याकाळी परळच्या एका गल्लीत नेलं. मंडळाचे सामने होते, मातीवरचे. आम्ही फारच लवकर पोचलो. वायरमन बांबूवर हॅलोजन बांधत होता, दोघं जण पाणी मारत होते, खुर्च्या अजून टेम्पोत. बघण्यासारखं काही नव्हतं, आणि मला ओशाळल्यासारखं झालं. माझीच वेळ चुकली होती.

मैदान आखणाऱ्या मुलाने दोरी ताणली होती आणि फक्कीचा डबा घेऊन तो मध्यरेषेवर होता. गृहस्थ त्याच्या मागे-मागे चालत होते. मुलाने वळून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डबा त्यांच्या हातात दिला. ते वाकले. एक हात कमरेवर, दुसऱ्याने फक्की सोडत, दोरीच्या कडेकडेने, अगदी हळू. दहा मीटरला त्यांना बराच वेळ लागला. रेघ शेवटाकडे जरा डावीकडे गेली.

मुलाने काही म्हटलं नाही. डबा परत घेतला, पायाने तेवढा तुकडा पुसला, आणि दोरी धरून पुन्हा आखला.